पदकाची कड

लष्करी पदक हाती आले म्हणजे सामान्य मनुष्य त्याचे मुख पाहतो. राजाचा किंवा राणीचा मुखवटा, त्याभोवती वर्तुळात फिरणारी लॅटिन अक्षरे, पाठीमागे एखादा सिंह, घोडेस्वार किंवा पंख पसरलेली विजयदेवता, एवढे दृष्टीखालून गेले की त्याची जिज्ञासा शमते आणि पदक पुन्हा आपल्या पेटीत किंवा माजघरातल्या फडताळात जाऊन पडते. ज्याला या विषयाचा खरा व्यासंग जडला आहे तो मात्र पदक आडवे धरतो, उजेडाकडे वळवतो आणि भिंग लावून प्रथम त्याची कड वाचू लागतो. कारण मुखावरचा मजकूर टांकसाळीतून बाहेर पडलेल्या लक्षावधी पदकांवर एकच असतो, परंतु त्या अरुंद कडेवर जो क्रमांक, जो हुद्दा, जे नाव आणि पलटणीची जी संक्षिप्त खूण उमटवलेली असते, ती त्या एकाच नगाची आणि त्या एकाच मनुष्याची असते. पदके, बिल्ले आणि लष्करी संग्रहालये यांविषयी या प्रकरणात जे सांगावयाचे आहे, त्याचा धागा या कडेशीच जुळलेला आहे.

कडेवर नाव घालण्याची रीत वाटते तितकी पुरातन नाही. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदी शिपायांना पदके देण्यास आरंभ केला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि मराठी वाचकाला खटकेल अशी गोष्ट ही की, त्या आरंभीच्या पदकांतील प्रमुख असे जे 'डेक्कन पदक' ते पहिल्या इंग्रज-मराठे युद्धातील आणि दुसऱ्या म्हैसूर युद्धातील चाकरीबद्दल दिले गेले. काल्पीहून निघून, अर्धा हिंदुस्थान ओलांडून, सेनापती लेस्ली वाटेतच वारल्यावर त्याच्या जागी आलेल्या गॉडर्डच्या हाताखाली १७७९ च्या प्रारंभी सुरतेस येऊन पोहोचलेल्या बंगालच्या फौजेतील शिपाई हे त्याच्या प्रमुख मानकऱ्यांपैकी होत. सोने आणि चांदी अशा दोन धातूंत ते पाडलेले होते. त्यावर किल्ल्याच्या दिशेने पुष्पमाला पुढे करून बसलेली ब्रिटानिया होती, परंतु लेख होता फारसी, कारण शिपायांच्या मुलखात दरबाराची आणि सनदांची भाषा अद्याप तीच होती. पिवळ्या रेशमी गोफात ओवून ते गळ्यात घालीत. पुढे १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, तेव्हाचे पदक बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत घडवण्यात आले आणि हुद्द्यांची उतरंड धातूंतही दिसावी अशा रीतीने सोने, मुलामा दिलेली चांदी, चांदी, कासे आणि कथील अशा पाच प्रकारांत वाटण्यात आले. त्यावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघाला लोळवीत आहे. चित्र मोठे आवेशपूर्ण आहे. पण कडेवर नाव कोणाचेच नाही. ज्याच्या हाती असेल त्याचे ते पदक, एवढाच त्याचा दाखला.

हा प्रघात मोडला तो वॉटर्लूने. १८१५ च्या त्या लढाईबद्दल ब्रिटिश सरकारने जे रुप्याचे पदक काढले ते सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना एकाच धातूचे आणि एकाच आकाराचे होते, आणि प्रत्येकाचे नाव यंत्राच्या ठशाने त्याच्या कडेवर उमटवलेले होते. उमरावांच्या अभिमानाला या समतेने थोडा धक्का बसला असेल. संग्राहकांवर मात्र तिचे उपकार झाले, कारण त्या दिवसापासून पदक ही केवळ शोभेची चकती राहिली नाही, तो एका मनुष्याच्या नावावर रुजू झालेला दस्तऐवज झाला.

मराठी संग्राहकाने ज्या पदकापाशी अधिक काळ थांबावे, ते 'आर्मी ऑफ इंडिया' पदक १८५१ साली मंजूर झाले. १८०३ पासून १८२६ पर्यंतच्या लढायांचे ते पदक. पण ते मिळावयाचे होते फक्त त्या वेळी हयात असलेल्यांना! १८०३ साली ज्याने वयाच्या विसाव्या वर्षी बंदूक खांद्यावर घेतली तो शिपाई आता अडुसष्ट वर्षांचा झालेला, आणि त्याचे बहुतेक सोबती, त्यांतही आपल्या गावी परतलेले हिंदी शिपाई, कोणत्याही सरकारी दप्तराला कळू न देता निवर्तलेले. म्हणून हे पदक दुर्मिळ आहे. त्याच्या वरच्या बाजूस प्रत्येक लढाईसाठी एकेक आडवी पट्टी जोडीत, आणि त्या पट्ट्यांवर रोमन लिपीत जी नावे आहेत ती मोडूनतोडून लिहिली असली तरी आपल्या परिचयाची आहेत: असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. मराठ्यांच्या दोन युद्धांचा भूगोलच त्या चिमुकल्या रुपेरी पट्ट्यांवर उतरला आहे.

यांपैकी असईची कथा पदकावरून बिल्ल्यावर गेली आणि तेथे अद्याप नांदते आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील हे खेडे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. वेलस्लीने पुढे वॉटर्लू जिंकले, परंतु असईत त्याची जी माणसे पडली त्यांचे प्रमाण त्याच्या फौजेच्या मानाने भयंकर होते, आणि शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडण्याऐवजी तोफांपाशीच मरण पत्करले हे त्याच्या पक्षाच्या लोकांनीही कबूल केले आहे. जिंकणाऱ्या पलटणींना या लढाईबद्दल 'असई' हे नाव आणि हत्तीची आकृती आपल्या चिन्हांत मिरवण्याचा मान मिळाला. परिणाम असा की, ग्लासगोच्या गल्ल्यांतून भरती होणाऱ्या हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या टोपीवरील बिल्ल्यात दीर्घकाळ जालन्याच्या एका खेड्याचे नाव आणि एक हत्ती बसून राहिला. आणि आपल्याच सैन्यातील मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर तो हत्ती आजही आहे.

या पट्ट्या वाचताना मराठी मनाची जी अवस्था होते ती सरळ नाही. जिंकणाऱ्याच्या पदकावर आपल्या गावाचे नाव, आणि हरलेल्यांचे पदकच नाही! परंतु मराठ्यांनी पदके पाडली नाहीत म्हणून पराक्रमाची कदर केली नाही असा निष्कर्ष काढणे हे अज्ञान होय. आपल्याकडे ती कदर सोन्याच्या कड्याने, पोशाखाने, पालखीच्या नेमणुकीने, गाव इनाम देऊन आणि लढाईत कामास आलेल्याच्या मुलांना 'बालपरवेशी' बांधून देऊन होत असे, आणि तिची नोंद मोडी लिपीत कारकुनाच्या बोरूने होई. मराठ्यांची पदके ज्याला पाहावयाची असतील त्याने पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडावेत. नाव, गाव, प्रसंग आणि रक्कम यांचा तेथला तपशील इंग्रजी पदकाच्या कडेहून कितीतरी अधिक बोलका आहे. धातू काय तो तेथे नाही.

कंपनीच्या चाकरीतील हिंदी शिपायाच्या वैयक्तिक शौर्याला १८३७ पासून 'ऑर्डर ऑफ मेरिट' होती, तीही व्हिक्टोरिया क्रॉसच्या जन्माआधी जवळजवळ वीस वर्षे, आणि तिच्याबरोबर पगारात वाढही मिळे. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका किताबाने जुन्या सुभेदारांना 'सरदार बहादूर' आणि 'बहादूर' म्हणवून घेता येऊ लागले. व्हिक्टोरिया क्रॉस मात्र हिंदी सैनिकाला १९११ पर्यंत खुला नव्हता. तो खुला झाल्यावर मराठा पलटणींना त्याचा मान मिळाला इटलीच्या रणांगणावर: १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनवर एकटा तुटून पडलेला आणि तेथेच धारातीर्थी पडलेला नाईक यशवंत घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणून मग एकामागून एक मशिनगनची ठाणी बंद पाडणारा नामदेव जाधव. कोकणच्या हमरस्त्यावर माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. मोटारीतून जाणाऱ्यांनी तेथे पाच मिनिटे उतरावे.

पण अशी पदके हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. सामान्य संग्राहकाच्या वाट्याला येतात ती पहिल्या महायुद्धाची, आणि माझ्या मते खरी श्रीमंती त्यांतच आहे. तीन पदकांचा तो संच साधारणपणे असा: कांस्याचा १९१४-१५ चा तारा, रुप्याचे 'ब्रिटिश वॉर मेडल', आणि इंद्रधनुष्यी फितीचे पिवळसर 'व्हिक्टरी मेडल'. मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींपैकी तीन, म्हणजे १०३ वी, ११० वी आणि ११७ वी, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने उपासमारीने शरणागती पत्करल्यावर त्यांतले पुष्कळ लोक तुर्कांच्या बंदिवासातून परत आलेच नाहीत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर येथल्या घरांत ही पदके आली ती अशांच्या वारसांकडे. त्यांच्याबरोबर मृताच्या घरी आणखी एक वस्तू येई: तळहाताहून मोठी, सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची कांस्याची थाळी, आणि तीवर मृताचे केवळ नाव, हुद्दा नाही. लॉर्डाच्या मुलाला आणि साताऱ्याच्या शिपायाला येथे एकच माप होते.

बसऱ्याच्या स्मारकावर हे माप पाळले गेले नाही. मेसोपोटेमियात पडून ज्यांची कबर किंवा चिता कोठे आहे ते ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे ते स्मारक. त्याच्या शिळांवर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, पण हिंदी शिपायांच्या बाबतीत अमुक पलटणीचे इतके, अशी संख्या कोरून काम भागवले आणि नावे वहीत ठेवली. ही विषमता युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या समितीने २०२१ साली उघडपणे मान्य केली. म्हणजे ज्याला शिळेवर नाव मिळाले नाही त्याचे नाव धातूवर उमटले असेल तर ते त्या थाळीवर किंवा या पदकांच्या कडेवरच; आणि ती कड एखाद्या सराफाच्या मुशीत वितळून गेली तर त्या मनुष्याची हाती धरता येण्यासारखी एक निशाणी गेली.

आणि ती जाते. ब्रिटिश वॉर मेडलमध्ये सुमारे एक औंस चांदी असते, हेच त्याचे दुर्दैव. १९८० च्या जानेवारीत जागतिक बाजारात चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला, तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये ही पदके ढिगांनी वितळवली गेली. मग दुष्काळ, लग्नकार्य आणि सावकार या तिहेरी कचाट्यात सापडलेल्या आपल्या खेड्यांतल्या विधवांनी ती तोळ्यावर मोडली असतील तर त्यांना दोष कोणी द्यावा? उलट एक गंमत सांगण्यासारखी आहे. याच पदकाची एक कांस्य आवृत्ती होती. ती लढणाऱ्यांना नव्हे, तर काही मजूर तुकड्यांना आणि फौजेबरोबर गेलेल्या बिगरलढाऊ माणसांना दिली गेली. ज्याला त्या काळी हलका धातू देऊन हलके लेखले, त्याचे ते पदक संख्येने थोडे असल्यामुळे आज रुप्याच्या पदकापेक्षा अधिक मोलाने घेतले जाते.

आता परीक्षेविषयी थोडे. नाव दोन रीतींनी घातलेले असते: सुट्या अक्षरांच्या ठशांनी दाबून, किंवा टाकाने कोरून. कोणत्या पदकाला कोणती रीत आणि कोणत्या वळणाची अक्षरे, हे ठरलेले असते. म्हणून एखाद्या ठराविक पदकावर अपेक्षित नसलेले वळण दिसले की संशय घ्यावा. भामट्यांची नेहमीची युक्ती म्हणजे सामान्य शिपायाचे नाव घासून काढून त्या जागी एखाद्या गाजलेल्या लढाईतल्या मनुष्याचे नाव घालणे. परंतु धातू घासला की व्यास कमी होतो. कॅलिपरने चार ठिकाणी माप घेतले आणि आकडे जुळले नाहीत तर कोणाचे तरी नाव तेथून पुसले गेले आहे असे समजावे. फितीवर विसंबू नये, ती कोणीही नवी लावतो. एका मनुष्याच्या तीन पदकांचा संच फोडून ती तीन गिऱ्हाइकांना विकणारा व्यापारी मला नाव बदलणाऱ्याइतकाच अपराधी वाटतो, मग कायदा काहीही म्हणो.

पदक उजळू नये. दसऱ्याला तांब्याची भांडी चिंचेने आणि राखेने लख्ख करण्याच्या आपल्या स्त्रियांच्या हाताला हे सांगणे कठीण आहे, पण वर्षानुवर्षांच्या घासण्याने राजाचे नाक आधी जाते आणि कडेवरची अक्षरे मागोमाग. चांदीवर चढलेला काळसर थर हा मळ नसून कवच आहे. मऊ सुती कापडाने पुसावे, कोरड्या जागी ठेवावे, प्लॅस्टिकच्या हलक्या पिशव्यांत कोंडू नये.

कडेवरचे नाव ओळखणे हे मात्र स्वतंत्र शास्त्र आहे. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली मराठी नावे एकाच पलटणीत तीन प्रकारांनी लिहिलेली आढळतात, आणि एका नावाचे दहा शिपाई असल्यास केवळ क्रमांक तेवढा वाट दाखवतो. कंपनीच्या काळातील पदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. महायुद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी आहेत, आणि त्यांत हिंदी शिपायाच्या पित्याचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा पुष्कळदा सापडतो. मग गावी जावे. साताऱ्याजवळच्या 'अपशिंगे मिलिटरी'सारखी गावे तर नावातच लष्कर बाळगून आहेत. परंतु कोकणात आणि देशावर कितीतरी ठिकाणी, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, या गावातून महायुद्धास इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले असे सांगणारी संगमरवरी पाटी चुन्याच्या थरांखाली अर्धवट दडलेली असते. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत तर दैवाने एक सोय करून ठेवली आहे: ब्रिटनने आपल्या सैनिकांच्या तारकांवर आणि पदकांवर नावे घालण्याचा खर्च टाळला, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर ती घालण्यात आली. बर्मा स्टार किंवा आफ्रिका स्टार हाती आल्यास पाठ उलटून अवश्य पाहावी.

बिल्ल्यांचे जग निराळे आहे. बिल्ल्यावर मनुष्याचे नाव नसते. तो पलटणीचा असतो, आणि म्हणून तो स्वस्त, विपुल आणि नवशिक्याला योग्य. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा मुंबईच्या चोरबाजारात, पितळी आणि पांढऱ्या धातूच्या बिल्ल्यांचे ढीग अद्याप दिसतात. त्यांतले बरेच अलीकडे ओतलेले असतात. अस्सल बिल्ला पोलादी ठशाने दाबून केलेला असतो, त्यामुळे पुढच्या उठावाचा प्रतिध्वनी मागच्या खोलगटात स्पष्ट उमटतो आणि कडा धारदार राहतात. वाळूच्या साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ सपाट, अंगावर बारीक छिद्रे आणि अक्षरे वितळल्यासारखी. मागच्या आकड्या आणि पट्टी कशी जोडली आहे तेही पाहावे. कालनिर्णयासाठी सर्वांत सोपी खूण माथ्यावर असते: मुकुट असेल तर प्रजासत्ताकापूर्वीचा, अशोकाचे सिंह असतील तर नंतरचा. हे संक्रमण अभ्यासण्यासारखे आहे, कारण पलटणींनी मुकुट टाकला तरी उरलेले चिन्ह बहुधा जपले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यातील रणशिंग तसेच राहिले. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. ज्या स्तंभावर १८१८ च्या पहिल्या दिवशी पडलेल्यांची नावे, त्यांतली पुष्कळ 'नाक' या प्रत्ययाने संपणारी, आहेत, त्याची छोटी प्रतिमा शिपाई कपाळावर वाहत होते. तो जुना बिल्ला ज्याच्या संग्रहात असेल त्याने स्वतःला भाग्यवान मानावे.

स्वतंत्र भारताच्या शौर्यपदकांची कथा थोडक्यात सांगून भागणार नाही. स्वातंत्र्यानंतर नव्या पदकांची रेखाटने करण्याचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांनी सावित्रीबाई खानोलकर यांच्याकडे सोपवले. या बाई जन्माने युरोपियन. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, शीख रेजिमेंटमधील विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी १९३२ साली विवाह करून इथल्या झालेल्या, संस्कृत आणि पुराणे यांत मुरलेल्या आणि महाराष्ट्रातील संतांवर ग्रंथ लिहिणाऱ्या. त्यांनी परमवीर चक्रासाठी इंद्राचे वज्र निवडले. दधीचीने देवांसाठी देह ठेवला आणि त्याच्या अस्थींचे ते आयुध झाले, ही कथा मनात धरून. चार वज्रे, मध्ये राजमुद्रा, धातू साधे कांस्य, फीत जांभळी. महावीर आणि वीर चक्रे रुप्याची असून सर्वोच्च पदक कांस्याचे असावे, यात मला मोठी सुरुची दिसते. ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून अमलात आली असे मानण्यात आले. पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. जिवंतपणी ते प्रथम मिळवले कारवारकडच्या रामा राघोबा राणे यांनी, १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट मोकळी करून दिल्याबद्दल. ते बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. हातात बंदुकीऐवजी सुरुंग काढण्याची हत्यारे घेऊन हा मान मिळवणाऱ्याचे चरित्र शाळांतून शिकवले जावे असे आहे.

संग्रहालयांकडे वळताना प्रथम अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ साली उघडलेले येथले रणगाडा संग्रहालय केवळ मुलांना रणगाड्यापुढे उभे करून छायाचित्र काढण्यासाठी नाही. रोल्स-रॉईसच्या मोटारीवर पोलादी पत्रे चढवून केलेल्या चिलखती गाडीपासून आरंभ करून माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शेरमन असे क्रमाने पाहत गेल्यास पोलादाची जाडी आणि तोफेची नळी यांची चढाओढ डोळ्यांपुढे उभी राहते. मध्येच जपान्यांचा पातळ पत्र्याचा छोटा रणगाडा पाहिला की बर्मातील लढाईचा निकाल काही अंशी कारखान्यातच लागला होता हे पटते. १९६५ मध्ये पकडलेल्या पॅटनपाशी थांबून सेंच्युरियनकडे पाहावे, कारण पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, मुंबईत जन्मलेले, सियालकोट आघाडीवर १६ सप्टेंबर १९६५ रोजी कामास आले ते सेंच्युरियनवर, आणि समोर होते पॅटन.

पुण्याच्या लष्कर भागात दक्षिण कमांडचे युद्धस्मारक आणि संग्रहालय आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे आणि बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ही शेवटची दोन लष्करी आवारात असल्यामुळे आधी परवानगी काढावी लागते आणि ओळखपत्र दाखवावे लागते. पण पदकांच्या अभ्यासकाला सरकारी संग्रहालयांच्या दहा दालनांपेक्षा पलटणीच्या एका खोलीत अधिक मिळते, कारण तेथे पदक, त्याचा धनी, त्याचे छायाचित्र आणि त्याची पलटण एकत्र नांदत असतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला आणि चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियमला जाणाऱ्या मराठी मंडळींनी हिंदी फौजेचा भाग डोळसपणे पाहावा. तेथे जतन उत्तम आहे, पण धन्याचे गाव बहुधा सापडत नाही.

संग्रहालय हाही अमरत्वाचा ताम्रपट नव्हे. १९७१ च्या युद्धात लढलेली विमानवाहू नौका विक्रांत २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ती लोकांना बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. तिच्या फलाटावरून उडालेल्या सी हॉक आणि अलीझे या जातींची विमाने मात्र गोव्यात बोगमाळोच्या नौदल वैमानिक संग्रहालयात पाहावयास मिळतात. नौका वितळली, विमाने राहिली. जतनाचा निर्णय कित्येकदा महत्त्वावर नव्हे तर जागेवर आणि खर्चावर होतो.

शेवटी कायद्याची आणि कर्तव्याची एक बाब. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत, म्हणून परदेशी लिलावदारांच्या पत्रांना भुलून पोस्टाने पाकीट धाडण्यापूर्वी विचार करावा. ज्या वाचकाच्या घरी आजोबा-पणजोबांचे पदक असेल त्याने या आठवड्यातच ते काढावे, उजळू नये, कडेचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, आणि त्याखाली आजोबांचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि घरात ऐकलेली हकीकत मराठीत लिहून ठेवावी. आणि पुढे ते ठेवणे जमणार नसेल तर सराफाकडे जाण्यापूर्वी त्या पलटणीच्या केंद्राला एक पत्र लिहावे.